दादाच्या नावाचा दगड

लोणावळ्याला रेल्वेच्या वसाहतीत इन्स्टिट्यूटची बैठी, कौलारू इमारत होती. साहेबलोक आणि वरच्या हुद्द्याचे नोकर संध्याकाळी तिथे पत्ते आणि बिलियर्ड खेळत. इमारतीसमोर रस्त्याच्या कडेने फरशीचा फुटपाथ होता. त्या फुटपाथात, दरवाजापासून सहा-सात पावलांवर, एक काळा घडीव दगड बसवलेला होता. त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. पहिल्या ओळीत माझ्या थोरल्या भावाचे नाव होते. दुसरीत तो रेल्वेच्या संघातून किती वर्षे फुटबॉल खेळला ते होते. उरलेल्या दोन ओळींत त्याच्या खेळाची स्तुती होती.

त्या चारही ओळी मीच लिहून दिल्या होत्या. मी तेव्हा नुकताच बी.ए. होऊन लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात तेवढे इंग्रजी येणारा मी पहिलाच. आमच्या गावातही पहिलाच. तो दगड तिथे कसा आला, एवढेच मला इथे लिहून ठेवायचे आहे. त्यात दादाचा दोष नव्हता. साहेबाचाही होता असे मला वाटत नाही.

आम्ही मूळचे वडिवळ्याचे. मानमोडीच्या तापाच्या साथीत आईवडील आठ दिवसांच्या अंतराने गेले तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता आणि मी सहा. भाताची खाचरे चुलत्यांनी कसायला घेतली. दादा मला पाठुंगळी घेऊन लोणावळ्याला आला आणि रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांची राख काढायच्या कामाला लागला.

शेडच्या मागे खेळाचे मैदान होते. पावसाळ्यात त्याचे खाचर होई. एकदा पलटणीच्या गोऱ्यांशी सामना होता आणि रेल्वेच्या संघातला एक गडी तापाने पडला होता. बूट घातलेले सगळे खेळाडू चिखलात घसरत होते. राख काढणारी पोरे कडेला उभी राहून हसत होती. शेडच्या साहेबाने चिडून त्यांच्यातल्या दादाला हातानेच खुणावले, हसतोस काय, ये, पळून दाखव. दादा गेला आणि पळाला. चिखलात पळणे आमच्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. लावणीच्या दिवसांत गुडघाभर गाळातून औत धरून जाणाऱ्याला पाय कसा टाकायचा आणि कसा उचलायचा ते ठाऊक असते. त्या दिवशी दादाने अनवाणी पायांनी दोन गोल केले. चेंडूला त्याने आयुष्यात प्रथमच पाय लावला होता.

दुसऱ्या महिन्यापासून त्याचे नाव शेडच्या पटावर फिटर म्हणून लागले. फिटरचे काम त्याने कधी केले नाही. सकाळी हजेरी द्यायची आणि मैदानावर जायचे. त्याला पगार मिळत होता तो खेळण्याचा. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणी बोलत नसे. रेल्वेने त्याला दोन खोल्यांचे क्वार्टर दिले. त्याचे लग्न झाले. मी तळेगावच्या शाळेत शिकलो, मग पुण्याला कॉलेजात गेलो. मी पुस्तके वाचली ती दादाच्या पायांवर, असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. मी ते पुष्कळदा म्हटलेही आहे, त्याच्यासमोर आणि इतरांसमोर. तो म्हणायचा, "बास कर आता. पाय दुखाया लागलं ऐकून."

मी पुण्याला निघालो तेव्हा स्टेशनवर त्याने मला एकच गोष्ट शिकवली. म्हणाला, "लोकांच्या घरी जाशील. कुनी ताट म्होरं केलं की हावरटावानी हात घालू नगंस. पयल्यांदा नको म्हन. दुसऱ्यांदा नको म्हन. तिसऱ्याला घे. मान्सं मागनाऱ्याला वाढत न्हाईत, नको म्हननाऱ्याला वाढत्यात." मी ते पाळले. पुण्यात ज्या ज्या घरी मी जेवलो तिथे मला चांगल्या घरचा मुलगा समजले गेले ते त्यामुळेच. वाढणारेही नियमाचे पक्के होते. ते तीनदा विचारायचेच.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना घाटाखाली एका सामन्यात दादाचा उजवा गुडघा मोडला. कोरडे, टणक मैदान होते. समोरच्याचा बूट आणि दादाचा उघडा पाय. रेल्वेच्या दवाखान्यात त्याला दोन महिने ठेवले. हाड जुळले, पण पाय परत वाकला नाही. काठीसारखा सरळ राहिला.

साहेबाने वर्षभर त्याला तसाच पटावर ठेवला. मग वरून विचारणा झाली की हा फिटर नेमके काय करतो. दादा शेडमध्ये जाऊन एका खोक्यावर बसायचा. कुणी हातोडा मागितला तर द्यायचा. मला म्हणाला, "तिथला पोरगा मला इचारतो, मामा, तुमाला काय काय येतं? काय सांगू त्येला? कार्नर मारता येतो म्हनू?"

त्याच सुमारास गावाबाहेरच्या वाटेवरच्या रेल्वे फाटकाचा गेटमन पेन्शनीत निघणार असल्याचे कळले. ते काम बसल्या जागेचे होते. गाडी यायच्या वेळेस फाटक लावायचे, झेंडी दाखवायची, गाडी गेली की फाटक उघडायचे. शेजारी राहायला चौकी होती आणि चौकीमागे भाजीपाला लावण्याइतकी जागा. वाकायचे नाही, चढायचे नाही. दादाने एका रविवारी चालत जाऊन ती जागा पाहिली. घरी येऊन वहिनींना म्हणाला, "आळूची पानं ही एवढी." हाताने दाखवले. त्याने एखादी गोष्ट हवी असल्याचे बोलून दाखवलेले मी तेवढेच पाहिले.

ती जागा मिळाली तर तो रेल्वेत राहणार होता. नाही मिळाली तर क्वार्टर सोडायचे, वडिवळ्याला जायचे आणि चुलत्यांबरोबर भात लावायचा, न वाकणाऱ्या गुडघ्याने. माझ्या एकट्याच्या पगारात दोन बिऱ्हाडे निघण्यासारखी नव्हती. माझे लग्न ठरले होते.

जागा देणे शेडच्या साहेबाच्या हातात होते. तो दादाला मानत होता. सामन्याच्या वेळी तो मैदानाच्या कडेने दादाच्या बरोबरीने धावायचा, धोतर नेसलेल्या माणसासारखी पँट वर धरून. त्याच्याकडे शब्द टाकायचा एवढेच काम होते. दादाला इंग्रजी येत नव्हते आणि साहेबाचे हिंदुस्थानी फक्त शिव्यांपुरते होते. तेव्हा बोलायचे मी, असे ठरले.

आम्ही सकाळी नऊला त्याच्या बंगल्यावर गेलो. वाटेत मी तीन इंग्रजी वाक्ये पाठ केली होती. पहिल्यात दादाच्या सेवेचा उल्लेख होता, दुसऱ्यात पायाचा, तिसऱ्यात फाटकाचा. दादाने स्वच्छ सदरा आणि टोपी घातली होती. बंगल्याच्या पाच पायऱ्या चढताना त्याने एक हात माझ्या खांद्यावर ठेवला.

साहेबाने आम्हाला व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसवले. नेटिवाला खुर्ची द्यायची पद्धत नव्हती. त्यानेच मला माझ्या कॉलेजाचे विचारले, शाळेचे विचारले. मग पाइप तोंडातून काढून तो म्हणाला, "तुझ्या भावाने आम्हाला पुष्कळ दिले आहे. आम्ही त्याच्यासाठी काय करावे? तूच सांग."

मी म्हणालो, "साहेब, आपण आजवर पुष्कळ केले आहे. आम्हाला काहीही नको. आपली कृपा आहे तेवढी पुरे."

हे माझ्या तीन वाक्यांत नव्हते. ते आपोआप आले. शब्द इंग्रजी होते, पण माझ्या आवाजावरून दादाला कळले की मी नको म्हटले आहे. त्याने समाधानाने मान हलवली. त्याच्या हिशोबाने पहिले झाले होते.

मी दुसऱ्याची वाट पाहत बसलो. दुसऱ्याला काय म्हणायचे तेही माझ्याकडे तयार होते आणि तिसऱ्याला म्हणायची तीन वाक्ये तर पाठच होती. बंगल्याचा माळी झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. त्याच्या चार कुंड्या झाल्या. साहेब माझ्याकडे बघत होता. मग तो उठला, दादाजवळ गेला आणि त्याचा हात हातात घेऊन हलवत राहिला. त्याचे डोळे पाणावले होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "इतकी वर्षे मी या देशात आहे. या व्हरांड्यात जो येतो तो काहीतरी मागतो. आज पहिल्यांदा कुणीतरी काही न मागता चालला आहे."

आम्ही पाच पायऱ्या उतरलो.

रस्त्यावर आल्यावर दादाने विचारले, "काय म्हनलं?"

"काय हवं असं विचारलं."

"तू नको म्हनलास."

"हो."

"मंग परत इचारलं न्हाई?"

"नाही."

दादा पुढे चालू लागला. त्याचा पाय बाहेरून अर्धे वर्तुळ काढत पुढे येई, तसा येत राहिला. मग म्हणाला, "इचारतील. मोठी मान्सं हायेत. लगोलग कशी इचारतील?"

घरी वहिनींनी ऐकून घेतले. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "बी.ए. झालात भावजी, आन् साहेबाफुडं मिठाची गुळनी धरून बसलात. त्यापरीस मला न्यायचं. म्या बोटानं दावलं असतं, ह्यो पाय आन् त्ये फाटक."

"तसं मागायचं नसतं," दादा म्हणाला.

"मंग कसं मागायचं असतं?"

दादाने भाकरी पुढे ओढली. आम्ही जेवलो.

पंधरा दिवसांनी शिपाई लखोटा घेऊन आला. दादा ओट्यावर बसला होता. वहिनी हात पुसत बाहेर आल्या. शेजारचे दोघे-तिघे कुंपणापाशी उभे राहिले. फाटकाच्या जागेचाच कागद असणार असे सगळ्यांना वाटले, मलाही वाटले. मी लखोटा फोडून मनात वाचला आणि मग मोठ्याने मराठीत सांगितला. साहेबाने लिहिले होते की ज्या माणसाने काही मागितले नाही त्याला असे काही द्यावे जे मागून मिळत नाही. त्याच्या विलायतेतल्या गावी नामांकित खेळाडूच्या नावाचा दगड रस्त्यात बसवतात, येणाजाणाऱ्याला त्याची आठवण राहावी म्हणून. तसा दगड दादाच्या नावाने इन्स्टिट्यूटसमोर बसवण्याचे ठरले आहे. मजकूर मी लिहावा आणि पाथरवटही मीच पाहावा.

"दगड?" वहिनी म्हणाल्या.

"हो."

"कुटं लावायचा?"

"फुटपाथात. जमिनीत."

वहिनी आत गेल्या. शेजारी पांगले. दादा म्हणाला, "आन् फाटकाचं?"

"त्यात काही नाही."

"दुसऱ्या कागदात आसंल," तो म्हणाला.

पाथरवट बेडशाच्या बाजूचा होता. दगड निवडायला दादा माझ्याबरोबर आला होता, बैलगाडीत पाय लांब करून. पाथरवटाने माझ्या हातातला कागद पाहिला, अक्षरे मोजली आणि विचारले, "मानूस कवा गेला?"

"गेलेला नाही," मी म्हणालो. "हा काय बसलाय."

पाथरवटाने दादाकडे निरखून पाहिले. "जित्या मानसाचा दगड म्या कंदी घडवला न्हाई. लढाईत पडल्याला आसंल तर वेशीला उभा करत्यात. ह्यो तर आडवा म्हनताय. पायाखाली."

"त्येंच्यात तसंच आसतं," दादा म्हणाला. "घडवा, आबा. म्या मरायचा थांबलोय व्हय तुमच्या दगडासाटी?"

पाथरवट हसला, पण त्याने आपल्या परीने तोड काढली. दगडाचे तीन कोपरे त्याने नीट घडवले आणि चौथा कोपरा बिनघडीचा ठेवला. म्हणाला, काम अर्धे ठेवले की दगड पुरा होत नाही आणि माणसाला बाधत नाही. साहेबाने तो कोपरा पाहिला तेव्हा मी त्याला म्हणालो की दगडात दोष होता. खरे कारण सांगायला मला लाज वाटली.

दगड बसवायच्या दिवशी इन्स्टिट्यूटसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. संघाचे जुने-नवे खेळाडू आले होते. साहेबाने कापड काढले, भाषण केले. बंगल्यातली गोष्टही सांगितली, न मागणाऱ्या माणसाची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोटोवाल्याने दादाला दगडावर उभे राहायला सांगितले. दादा हलला नाही. साहेबाने स्वतः बूट दगडावर ठेवून दाखवला, असे. दादाने मला हळूच विचारले, "अक्षरं हायेत न्हवं त्यावर?"

"आहेत."

"मंग पाय कसा ठेवू?"

आमच्याकडे कागदाला पाय लागला तरी त्याला हात लावून कपाळाला लावायचा असतो. मी साहेबाला सांगितले की माझ्या भावाला संकोच वाटतो. साहेब पुन्हा गहिवरला. शेवटी दादा वहाणा काढून दगडाच्या शेजारी उभा राहिला आणि फोटो तसाच निघाला. फोटोत त्याच्या ताठ पायाचे पाऊल दगडापासून वीतभर लांब आहे.

त्या संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, "आता तरी ल्ह्या. मानपान झाला. आता फाटक मागा."

मी लिहायला बसलो. दोन कागद लिहिले. एकात आभार होते. त्यात मी असे लिहिले की माझ्या भावाला या जन्मी यापेक्षा मोठे काही मिळू शकले नसते. दुसऱ्या कागदात फाटकाच्या जागेची विनंती होती. दोन्ही एकाच लखोट्यात घालताना माझा हात थांबला. सत्कार झाला त्याच दिवशी याचना करणे मला बरे दिसेना. साहेबाला वाटेल, हे मागण्यासाठीच नको म्हणत होते. आभाराचे पत्र आज द्यावे आणि विनंतीचे आठ दिवसांनी, असे मी ठरवले. वहिनींना म्हणालो, लिहिले. दादाला म्हणालो, दिले.

आभाराचे पत्र साहेबाला फार आवडले. त्याने ते इन्स्टिट्यूटच्या सूचनाफलकावर लावले. तिथे ते पावसाळ्यापर्यंत होते.

आठव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी विनंतीचा कागद घेऊन ऑफिसात गेलो. फाटकाची जागा चार दिवसांपूर्वीच भरली गेली होती. ती शेडमधल्या एका खलाशाला, म्हणजे वरकड कामे करणाऱ्या मजुराला मिळाली होती; डबे जोडताना कपलिंगमध्ये त्याची दोन बोटे तुटली होती. ऑफिसातला कारकून मला ओळखत होता. म्हणाला, "तुमच्या भावाचा अर्ज असता मास्तर, तर प्रश्नच नव्हता. साहेबांनी दोनदा विचारलं मला, त्याचं काही आलंय का म्हणून. मग म्हणाले, त्याला नकोच असेल, त्याच्या भावाने तसं लिहूनच दिलंय."

साहेबाने दोनदा विचारले होते. पण कारकुनाला.

मी घरी आलो आणि जागा गेल्याचे सांगितले. विनंतीचा कागद माझ्या खिशातच राहिला होता, हेही सांगितले. ते सांगायला हवे होते आणि मी सांगितले. मला वाटले वहिनी बोलतील. त्या उठून फडताळावरची भांडी खाली काढू लागल्या. दादा म्हणाला, "त्या खलाशानं मागितली व्हती?"

"हो. अर्ज केला होता."

"बोटं तुटलीत म्हनं त्येची."

"दोन."

"मंग बरं झालं," दादा म्हणाला.

मला रडू आले नाही. त्याला आले असेल तर मी पाहिले नाही. महिन्याच्या शेवटी त्यांनी क्वार्टर सोडले. सामान एका गाडीत मावले. गाडी इन्स्टिट्यूटवरून गेली तेव्हा वहिनी गाडीवानाला म्हणाल्या, "जरा कडंनं घ्या भाऊ, तितं आमचा मान पुरलाय."

मी शाळेत जाताना रोज त्या फुटपाथवरून जात असे. मी दगडाला वळसा घालायचो. बरेच लोक घालायचे. इंग्रजी वाचता न येणारे तर हमखास घालायचे, कारण कोरलेला दगड म्हणजे काहीतरी देवाचे किंवा मेलेल्याचे, असेच त्यांना वाटे. साहेबलोक तेवढे सरळ त्यावरून जात. एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी दगडाला शेंदूर लावला आणि दोन झेंडूची फुले ठेवली. दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याकडून तो पुसून घेतला गेला, पण अक्षरांच्या खाचांत शेंदूर राहिला आणि नाव लांबून दिसू लागले. मी वडिवळ्याला गेलो तेव्हा हे सांगितले. वहिनी म्हणाल्या, "शेंदूर लावत्यात तर लावूंद्या. नारळ फोडला तर तेवढा खोबऱ्याचा तुकडा घरी आना."

दादा लावणीला उतरू लागला होता. त्याला वाकून रोप खोचता येत नसे. तो उजवा पाय मागे लांब सोडून, डाव्या गुडघ्यावर गाळात बसून, ढोपराढोपराने सरकत लावायचा. सगळ्यांच्या मागे राहायचा. चुलतभावांची पोरे म्हणायची, "काका, गोल करा की आता." तो म्हणायचा, "तुमी बाजूला व्हा, मंग करतो." मी बांधावर उभा राहून पाहत असे. माझ्या पायात बूट असत.

पुढे लढाई सुरू झाली. तो साहेब विलायतेला निघून गेला. जाताना मला बोलावून त्याने माझा हात हातात घेतला आणि दादाला सलाम सांगितला. मी त्याचे आभार मानले. ते मनापासून होते.

दादा बाजाराच्या दिवशी लोणावळ्याला माल विकायला येऊ लागला. पावसाळ्यानंतर काकड्या, पुढे वाल-पावटा, उन्हाळ्यात करवंदे. बाजारात बसायला जागा मिळणे कठीण. पण इन्स्टिट्यूटसमोर, दगडाच्या आजूबाजूला, लोक पाय टाकत नसत म्हणून हातभर जागा नेहमी मोकळी असे. तो तिथे बसू लागला. त्याचा पाय वाकत नसल्याने बसले की तो पुढे लांब होई आणि नेमका दगडावर येई. म्हणून तो आधी दगडावर गोणपाट टाकायचा, चारी टोके नीट ओढायचा आणि मग त्यावर पाय ठेवायचा. एक टोक त्या बिनघडीच्या कोपऱ्यात अडकायचे, त्यामुळे गोणपाट सरकत नसे. म्हणाला, "झाकली की अक्षरं न्हाईत. मंग पाय लागला तरी चालतो."

शाळा सुटली की मी त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसायचो. एकदा मी असतानाच एका म्हातारीने काकड्या घेतल्या आणि तेवढ्यात गोणपाटाचे एक टोक उचलून खाली पाहिले. "भाऊ, ह्यो कुनाचा दगड हाय?"

"खेळायचा कोन तरी," दादा म्हणाला.

"मेला व्हय?"

"न्हाई. खेळत न्हाई आता."

म्हातारीने गोणपाट परत नीट केले आणि काकड्या पदरात घेऊन गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात मला कळले की फाटकावरचा तो दोन बोटे तुटलेला खलाशी वारला आणि जागा पुन्हा रिकामी आहे. मी त्याच दिवशी, शाळेची मधली सुट्टी होताच, ऑफिसात गेलो. कुणी बस म्हणायच्या आत बोललो. नव्या साहेबाला सांगितले की मला माझ्या भावासाठी ती जागा हवी आहे. ती तीन वाक्ये मला अजून पाठ होती. मी तीनही म्हटली आणि थांबलो. साहेबाने शांतपणे ऐकून घेतले. मग वही मागवली, पाहिली आणि म्हणाला की तुझा भाऊ आता पटावर नाही, आणि वय पाहता त्याला नव्याने घेता येणार नाही. हे जर तो नोकरीत असताना सांगितले असते, तर. एवढे बोलून त्याने वही मिटली. तो चांगला बोलला. मी आभार मानून बाहेर आलो.

बाजाराचाच दिवस होता. दादा जागेवर बसला होता, पाय गोणपाटावर. ऊन त्याच्या पाठीवर होते. मी शेजारी बसलो आणि काय झाले ते सांगितले.

"तू मागितलीस व्हय?" तो म्हणाला.

"हो."

"सरळ मागितलीस?"

"सरळ. गेल्या गेल्याच."

त्याने टोपलीतल्या उरलेल्या काकड्या खालीवर करून पाहिल्या. त्यातली एक काढली, धोतराला पुसली. "खातोस?"

"खातो," मी म्हणालो.

त्याने विळीवर तिच्या चार फाका केल्या, मिठाची पुडी सोडली आणि माझ्या हातावर दोन ठेवल्या. काकडी शेवटच्या तोड्याची होती, जून, बियांनी भरलेली. शाळेची घंटा व्हायला थोडा वेळ होता. आम्ही तिथे बसून ती खाल्ली.